तिघांचे तीन किलोमीटर

पाया लेबार, सिंगापूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय क्षिप्रा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, आईचा फोन बिघडला की काय. फोन ठीक आहे. पण फोनवर मी काहीही लिहिलं की तुझं "ओके" येतं, फार तर "ओके लाह" येतं, आणि मग पुढचं लिहायला माझा हात उठत नाही. म्हणून कागद घेतला.

एक गोष्ट तुझ्यापासून पावणेतीन महिने लपवली आहे, ती आधी सांगते. १९ नोव्हेंबरला सकाळी बाबाला स्ट्रोक आला. तो आता घरी आहे, चालतो, जेवतो, तेव्हा घाबरू नकोस. दात घासताना हातातून ब्रश पडला, तो उचलायला वाकला आणि तसाच बेसिनला टेकून राहिला. मी ऑफिसला निघाले होते. लिफ्टपाशी गेल्यावर डबा राहिल्याचं लक्षात आलं म्हणून परत फिरले, त्यामुळे वेळेवर कळलं. उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. पहिले दहा दिवस बोलणं जवळजवळ नव्हतंच. आता बोलतो, पण दुसऱ्या खोलीतून एकेक शब्द शोधून आणावा तसा बोलतो.

तुला कळवायचं नाही असं त्यानेच सांगितलं. बोलता यायला लागल्यावर त्याने केलेलं पहिलं धड वाक्य तेच होतं, "क्षिप्राला नको." मी म्हटलं, "का नको? मुलगी आहे ती तुझी." तर बराच वेळ शोधून म्हणाला, "दया येऊन येईल." मला पटलं नाही, पण ऐकलं. ऐकणं मलाही सोयीचं होतं, हे इथे लिहून टाकते.

सध्या तो आपल्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये चालतो. चार पायांची काठी दिली आहे. आपल्या दारापासून कोपऱ्यावरच्या आंटी लिमच्या दारापर्यंत सव्वीस पावलं होतात, आणि परत येताना तीस होतात, कारण तोवर तो दमलेला असतो. आंटी लिम स्टूल टाकून दारात बसते आणि तो पोचला की "स्लोली, अंकल, नो हरी" म्हणते.

जानेवारीत फिजिओथेरपीची मुलगी घरी आली होती. तिने फॉर्म भरताना विचारलं, "अंकल, तुमचं टार्गेट काय?" बाबाने डाव्या हाताची तीन बोटं दाखवली. तिला वाटलं, तीन महिने. तिने तसं लिहूनही घेतलं. मग बाबाने मान हलवली आणि म्हणाला, "थ्री किलोमीटर्स." ती हसली, पण मला हसू आलं नाही.

तुला आठवत असेलच. तू नऊ वर्षांची होतीस, प्रायमरी थ्रीमध्ये. ब्लॉकखाली कम्युनिटी क्लबवाल्यांनी टेबल मांडलं होतं, तिथून तू एक गुलाबी कागद घेऊन वर आलीस आणि म्हणालीस, "आई, यात तीनच माणसं लागतात. आपण तीनच आहोत." ईस्ट कोस्ट पार्कला फॅमिली रन होती, तीन किलोमीटरची. कुटुंबातल्या तिघांनी बरोबर धावायचं, शेवटी पोचणाऱ्याची वेळ धरायची आणि रेषा ओलांडताना तिघांनी हात धरलेले असायला हवेत. बाबाने कॉलेज सोडल्यापासून बसमागेसुद्धा धाव घेतली नव्हती. मी तर साडी नेसून कॉलेजला जाणारी, मला बूट विकत घ्यावे लागले. त्या वर्षी आपण शेवटून दुसरे आलो. आपल्या मागे होतं ते एक कुटुंब आजोबांना व्हीलचेअरवर घेऊन आलं होतं. वाटेत तू सव्वीस कुत्री मोजलीस आणि प्रत्येकाची जात आम्हाला सांगितलीस. बाबाला धाप लागली होती, तरी तो विचारत होता, "हा कुठला? आणि तो?" घरी आल्यावर तू म्हणालीस, "नेक्स्ट इयर अगेन, कॅन?" बाबा म्हणाला, "कॅन."

तू हळू धावायचीस. तुझे तळवे सपाट आहेत, ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पण तू थांबली नाहीस कधी. मी थांबले आहे, बाबा थांबला आहे, पोटात दुखतंय म्हणून. तू एकदाही थांबली नाहीस.

बाबाला एकदा फोन कर. सात वर्षं झाली तुमचं बोलणं होऊन. त्याला उत्तर द्यायला वेळ लागेल, तेवढी थांब. मी एवढंच मागते आहे.

तुझी,
आई

*

पाया लेबार
२ मार्च २०२५

प्रिय क्षिप्रा,

तुझं कार्ड आलं. डनेडिनच्या बंदराचं चित्र छान आहे. मागे पाचच ओळी आहेत, त्या मी पुष्कळदा वाचल्या. तू इंग्रजीत लिहिलंस, पण माझ्या मनात ते मराठीतच वाचलं जातं. "आई, मला सांगितलं नाहीस याचा मला राग आला आहे. बाबा बरा व्हावा असं मला अगदी मनापासून वाटतं. पण तो आजारी आहे म्हणून मी सगळं विसरणार नाही. चांगी विमानतळावर मी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. त्याने एकदा सॉरी म्हणावं."

कार्ड मी बाबाला दाखवलं. त्याने बंदराची बाजू पाहिली, मग उलटून वाचलं आणि उशीखाली ठेवलं. दुपारी आंटी लिमच्या दारापर्यंत तीनदा गेला, एरवी दोनदा जातो.

तू त्या रविवारबद्दल माझ्याशी कधीच नीट बोलली नाहीस आणि मीही विषय काढला नाही. आता काढते.

२०१४ चा जुलै. तू चौदा वर्षांची, सेकंडरी टूमध्ये. आपण पाच वर्षं धावत होतो आणि दर वर्षी वर सरकत होतो. एकेचाळीस, अठ्ठावीस, सतरा, आणि आदल्या वर्षी नववे. फ्रिजवर तक्ता लावलेला असायचा, मंगळवारी किती, गुरुवारी किती, बाबाच्या अक्षरात. तुला तो तक्ता आवडत नव्हता. तू त्याच्यावर पिझ्झाच्या दुकानाचा मॅग्नेट अशा बेताने लावायचीस की तुझी वेळ झाकली जाईल.

त्या रविवारी सकाळी तुला ताप होता. तू झोपून राहिलीस. दोघांना धावता येत नाही, तीन माणसं लागतात, म्हणून गार्गीला घ्यायचं ठरलं. गार्गी म्हणजे माझ्या बँकेतल्या ऋचाची मुलगी, बुकित तिमाहची, तुझ्याच वयाची. शाळेच्या टीममध्ये धावणारी. तुझा नंबर तिने छातीवर लावला. आपण, म्हणजे आम्ही, दुसरे आलो. माइकवरून तीन नावं पुकारली आणि तुझ्या नावाला गार्गीने हात वर केला.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आठवड्याने खाली लिफ्टपाशी बोर्डवर फोटो लागला. खाली आपली तिघांची नावं आणि वर तुझ्या जागी गार्गी. आंटी लिम तुला म्हणाली, "गर्ल, धिस वन नॉट यू, राइट?" तू गार्गीला फोन केलास आणि तिने भोळेपणाने सांगून टाकलं की तिला गुरुवारीच सांगितलं होतं, तयार राहा म्हणून. ताप रविवारचा, आणि सांगितलं गुरुवारी.

तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिलीस, दप्तर पाठीवरच होतं. विचारलंस, "हू डिसाइडेड?" बाबा टेबलाशी बसला होता. तो म्हणाला, "मी." तू माझ्याकडे पाहिलंस का, ते मला माहीत नाही. मी तांदूळ धूत होते, माझी पाठ होती.

त्यानंतर तू धावली नाहीस. बाबाही धावला नाही, पण तुला ते कधी दिसलं नसेल, कारण तू त्याच्याकडे बघणंच सोडलं होतंस. एका टेबलावर जेवायचात आणि मीठ माझ्याकरवी मागायचात. चार वर्षं तसं चाललं. मग डनेडिनला निघताना चांगीला, सामान आत गेल्यावर, तू त्याच्यासमोर उभी राहून म्हणालीस, "बाबा, यू नेव्हर सेड सॉरी. नॉट वन्स." तो तुझ्याकडे बघत राहिला. तू दहा-बारा सेकंद थांबलीस. मग गेलीस. तो सॉरी म्हणाला नाही, ही गोष्ट खरी आहे.

का म्हणाला नाही, ते लिहायला म्हणून आज मी बसले होते. दोन पानं झाली आणि ते काही उतरत नाही.

तू जमीन मोजायला डोंगरात जातेस, तिथे थंडी फार असते का? पायमोजे पाठवू का?

तुझी,
आई

*

पाया लेबार
२३ मार्च २०२५

क्षिप्रा,

हे पत्र बसून वाच.

गेल्या रविवारी दुपारी बाबाने मला बोलावलं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, तुझं कार्ड मांडीवर. म्हणाला, "पेन घे." मला वाटलं, औषधांची यादी करायची आहे. तो म्हणाला, "क्षिप्राला. मी सांगतो. तू लिही." मी वही आणली. त्याने सांगायला सुरुवात केली. एका वाक्याला किती वेळ लागतो, तुला कल्पना येणार नाही. डाव्या हाताने तो शब्द धरून आणतो आहे असं वाटतं. मी लिहून घेतलं ते असं:

"क्षिप्रा. चूक माझी. गार्गीला मी आणलं. तुझं नाव दुसऱ्याला दिलं. सॉरी. बाबा."

एवढं व्हायला वीस मिनिटं लागली. मग म्हणाला, "वाच." मी वाचलं. तो म्हणाला, "ठीक. टाक पोस्टात." आणि डोळे मिटून बसला, काम झाल्यासारखा.

तो कागद मी सोमवारी पर्समध्ये घालून रॅफल्स प्लेसला, ऑफिसात गेले. जेवणाच्या सुट्टीत पोस्टाच्या पेटीपाशी उभी राहिले आणि परत आले. मंगळवारीही तसंच झालं. बुधवारी पेटीपर्यंत गेलेच नाही.

क्षिप्रा, गार्गीला बाबाने आणलं नाही. मी आणलं.

आदल्या वर्षी आपण नववे आलो तेव्हा ऋचा बघायला आली होती. शेवटच्या वळणावर मी आणि बाबा जागच्या जागी पावलं टाकत तुझी वाट बघत होतो. तू येत होतीस तुझ्या चालीने, तोंड लाल, केस कपाळाला चिकटलेले. ऋचा कठड्याजवळून हसत म्हणाली, "तुम्ही काय बाई, सहलीला आलेले." तिने गमतीने म्हटलं असेल. पण ऑफिसात त्याच आठवड्यात मला डावलून माझ्याहून पाच वर्षांनी लहान असलेल्या मुलीला वरची जागा दिली होती. मला तेव्हा कुठेतरी पहिलं यायचं होतं. कुठेही चाललं असतं. ही सबब नाही, तेव्हा डोक्यात काय होतं ते फक्त सांगते आहे.

आणि मला तुझी लाज वाटली. हे वाक्य मी चार वेळा खोडलं आहे. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. आपल्या पोटच्या मुलीला धावत येताना बघून मला तिची लाज वाटली. ती लाज मी वर्षभर कुणाला दिसू दिली नाही. तक्ता बाबाच्या अक्षरात होता, पण त्यातले आकडे मी सांगायचे. मॅग्नेट तू लावायचीस आणि तू झोपलीस की मी काढायचे.

गुरुवारी ऋचाला मीच फोन केला. शनिवारी तू शिंकत होतीस, तेवढं मला पुरलं. रविवारी सकाळी साडेपाचला तुझ्या काखेत थर्मामीटर मीच लावला. त्यावर ३६.९ होतं. मी तुला ३८.२ सांगितलं. तू म्हणालीस, "आई, आय फील ओके." मी म्हटलं, "ताप आहे राणी, झोप." पॅरासिटामॉल दिली, पांघरूण घातलं, तुझ्या कपाळावरून हात फिरवला. कपाळ थंड होतं.

बाबाला काहीच माहीत नव्हतं. त्याला वाटलं, तू आजारी आहेस, तर आज जायचं नाही. मी म्हटलं, नंबर तर परत करायला हवेत, चल. ईस्ट कोस्टला पोचल्यावर गार्गी आधीच उभी होती, तुझा नंबर तिच्या छातीवर लावायला मी पिना पर्समधून काढल्या. बाबाने ते पाहिलं. तो म्हणाला, "नीता, हे बरोबर नाही." मी म्हटलं, "आता तमाशा नको करू, लोक बघतायत." तेवढ्यात लाइनीत उभं राहायला सांगितलं.

शेवटी तिघांनी हात धरले. तुझा हात नेहमी घामाने ओला असायचा, निसटायचा, घट्ट धरावा लागायचा. गार्गीचा हात कोरडा होता. रेषा ओलांडताना मला तेवढंच जाणवलं. मग नावं पुकारली.

बँकेत मी कंप्लायन्समध्ये काम करते. दुसऱ्यांनी नियम पाळले की नाही ते बघणं हे माझं काम, तुला माहीतच आहे.

तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलंस तेव्हा बाबा "मी" म्हणाला आणि मी नळ बंद केला नाही. तू खोलीत गेल्यावर मी त्याला विचारलं, "असं का सांगितलंस?" तो म्हणाला, "राहू दे." मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सांगीन, मग परीक्षा झाली की सांगीन, मग तू मोठी झालीस की सांगीन, असं करत अकरा वर्षं झाली. चांगीला त्याने सॉरी म्हटलं नाही, कारण जे केलंच नाही त्याची माफी त्याच्या तोंडून निघत नव्हती. त्याला खोटं बोलता येत नाही. त्या एका "मी"नंतर तो खोटं बोललेला मला आठवत नाही. आणि आता अर्धी वाचा गेल्यावर, तू भेटावीस म्हणून, तो तेही बोलायला तयार झाला. त्याचा तो कागद मी या पत्रासोबत ठेवला आहे. ती माफी खोटी आहे, पण तिच्यासाठी त्याने घेतलेली वीस मिनिटं तू बघायला हवी होतीस.

सॉरी, क्षिप्रा. थर्मामीटरबद्दल. तुझ्या नावाबद्दल. तुझा बाबा मी तुझ्यापासून तोडला, त्याबद्दल.

तू मला लिहिणं बंद केलंस तर मला कारण विचारावं लागणार नाही.

आई

*

पाया लेबार
१८ मे २०२५

प्रिय क्षिप्रा,

आठ आठवडे तुझं काहीच आलं नाही. पत्र रजिस्टर्ड होतं, १ एप्रिलला पोचल्याचं दिसलं. त्यानंतर मी फोन हातात घेऊन बसले नाही, असं म्हणणार होते, पण बसले.

पत्र टाकल्याचं मी बाबाला त्याच दिवशी सांगितलं. सगळं लिहिलं आहे असं सांगितलं. मला वाटलं होतं, त्याला हलकं वाटेल. तो चिडला. स्ट्रोकनंतर त्याला चिडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. शब्द सापडेनात, काठी जमिनीवर आपटली. "मला... विचारायचं... होतंस."

मी म्हटलं, "अरे, किती वर्षं तू माझं ओझं वाहणार?"

तो म्हणाला, "तुझं नाही."

मग त्याने जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, मधे पाणी पीत, अर्ध्या तासात सांगितलं. मी ते जोडून लिहिते. त्या दिवशी तू दारात उभी होतीस तेव्हा त्याने विचार केला, चौदा वर्षांची मुलगी आहे. दोघांवरून तिचा विश्वास उडाला तर ती या घरात कुणाकडे येईल? एक तरी हवं. आणि तुझं सगळं आईशी असायचं, शाळेतलं, पोटातलं, मैत्रिणींचं. म्हणून त्याने स्वतःला बाजूला काढलं. मला तो एवढंच म्हणाला, "तुला वाचवलं नाही. तिला आई ठेवली."

अकरा वर्षं मी समजत होते की नवऱ्याने माझ्यावर पांघरूण घातलं. त्याचा विचार माझ्याबद्दल नव्हताच. आणि त्याने जे तुझ्यासाठी जपून ठेवलं होतं ते मी न विचारता मोडलं. तरी लिहिलं याचा मला पश्चात्ताप होत नाही. तेवढ्यासाठी तो माझ्याशी चार दिवस बोलला नाही. त्याच्या हल्लीच्या बोलण्यात चार दिवस म्हणजे फार शब्द नव्हेत, पण मला ते कळले.

मार्चपासून बाबा रोज ब्लॉकखाली उतरून थोडं थोडं वाढवत चालत होता. ४ मेला ईस्ट कोस्टला ती वार्षिक शर्यत होती. आता ती वेगळी माणसं भरवतात, नावही बदललं आहे, पण फॅमिली रन अजून तीन किलोमीटरचीच आहे आणि अजून तीनच माणसं लागतात. आम्ही दोघं होतो. नाव नोंदवायच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "आंटी, यू कॅन जॉइन द ओपन वॉक." बाबा म्हणाला, "कॅन."

सात वाजता सगळ्यांबरोबर निघालो. दोन मिनिटांत आमच्या पुढे मोकळा रस्ता आणि मागे कुणी नाही. तो डावा पाय टाकायचा, काठी टाकायची, मग उजवा ओढून आणायचा. मी त्याच्या उजव्या बाजूला, हात न लावता, कारण हात लावलेला त्याला चालत नाही. पहिल्या किलोमीटरला तीस मिनिटं लागली. सायकलवाले वळसा घालून जात होते. एक लहान मुलगी आपल्या आईला मोठ्याने म्हणाली, "व्हाय दे सो स्लो?" आईने तिला गप्प केलं. माझे कान तापले, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. एका वर्षात माणूस बदलत नाही, अकरा वर्षांतही पूर्ण बदलत नाही. मी बाबाकडे पाहिलं. त्याने ऐकलं होतं. तो म्हणाला, "खरं... आहे," आणि पुढचं पाऊल टाकलं.

दोन किलोमीटरनंतर तो बाकावर बसला. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता, उजवा पाय थरथरत होता. मी म्हटलं, "पुरे प्रबोध. दोन म्हणजे पुष्कळ झाले. टॅक्सी बोलावते." त्याने नाही म्हटलं. मी पुन्हा म्हटलं, डॉक्टरांचं नाव काढलं. तो समुद्राकडे बघत होता, तिथे नेहमीसारखी जहाजं उभी होती. म्हणाला, "ती... थांबली नाही. कधी."

दहा मिनिटांनी उठला.

आम्ही पोचलो तेव्हा कमान उतरवायला घेतली होती. स्वयंसेवक खुर्च्या एकावर एक रचत होते. कुणीतरी आम्हाला पाहिलं आणि उतरवायचं थांबवलं. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत, फक्त सगळे हातातलं काम सोडून उभे राहिले आणि तो रेषेपलीकडे गेल्यावर पुन्हा कामाला लागले. एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं. ही शर्यत झाली असं कुणी म्हणणार नाही. बाबा घरी येऊन पाच तास झोपला.

त्याचा फोटो मी तुला पाठवला नाही. तुझ्यावर कसलाही भार टाकायचा नाही असं ठरवलं होतं.

आणि काल सकाळी दहा वाजता बाबाचा फोन वाजला. जेवणाच्या टेबलावर होता, तुझं नाव मलाही दिसलं. बाबाने माझ्याकडे पाहिलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. दार लावलं नाही, ते लावणं मला जमलं नाही, तेव्हा मी ऐकलं हे तुला सांगायला हवं. तुझं काही ऐकू येत नव्हतं. त्याचं येत होतं.

"हो."

मग बराच वेळ काही नाही.

"चाललो. तीन... पूर्ण."

पुन्हा काही नाही. मग त्याचा आवाज बदलला. तो म्हणाला, "नाही. ऐक. माझंही आहे." आणि थांबत थांबत, एकही शब्द न गाळता, त्याने सांगितलं: "मी तिथे होतो. नंबर लावताना पाहिलं. नाही म्हणून निघायला हवं होतं. तुझ्याकडे घरी. मी धावलो. गार्गीचा हात धरला. तेवढं माझं. सॉरी."

ही माफी त्याची स्वतःची होती. अकरा वर्षांत मला कधी सुचलं नाही की त्याच्याकडेही एक खरी सॉरी शिल्लक असेल.

त्यानंतर तुम्ही काय बोललात ते मला कळलं नाही, कारण तो हसला, आणि मी नळ सोडला. या वेळी मला काही लपवायचं नव्हतं. ते तुमचं होतं, ते मी ऐकायला नको होतं.

अर्ध्या तासाने काठीचा आवाज आला. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, डोळे लाल होते. मी हात पुसले आणि त्याच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. फोन बंद झाला होता.

तो म्हणाला, "तुझ्याशी नको म्हणाली." मग जरा शोधून म्हणाला, "अजून."

तो शब्द तुझा होता की बाबाने आपल्या पदरचा घातला, ते मी त्याला विचारलं नाही.

आई